मार लागलेल्या डोळ्याचा काचबिंदू: पहिल्या दिवसापासून विसाव्या वर्षापर्यंत

विटी, सीझन बॉल, बेचकीतला खडा, बैलाचं शिंग, मोटरसायकलवर सामान बांधायच्या रबरी दोरीचा हूक, लाकूड फोडताना उडालेली ढलपी, फुटला नाही म्हणून वाकून बघितलेला सुतळी बॉम्ब. मार लागलेला डोळा ओपीडीत येतो तो बहुधा यांतल्याच कशाने तरी. केसपेपरवर आम्ही आधी तीन गोष्टी लिहून घेतो: कशाने लागलं, किती वाजता लागलं, आणि वस्तू बोथट होती की टोकदार. ही उत्तरं पुढे कित्येक वर्षं उपयोगी पडतात, म्हणून कितीही गर्दी असली तरी ती सोडत नाही.

वस्तू टोकदार असेल तर डोळा फुटला आहे असंच धरून चालायचं. बाहुली गोल न राहता एका बाजूला ओढली जाते, पांढऱ्या भागावर चहूबाजूंनी रक्त फुगून येतं, कधी बुबुळाच्या कडेला काळपट ठिपक्यासारखं काही बाहेर डोकावतं. अशा डोळ्याचा दाब मोजायचा नाही, पापणी जोर लावून उघडायची नाही, थेंब घालायचे नाहीत. वर कडक शील्ड, म्हणजे डोळ्याला न टेकता त्याला झाकणारी वाटी, लावायचं. शील्ड नसेल तर कागदी कपाचा तळ कापून तो कपाळाच्या आणि गालाच्या हाडावर टेकेल असा चिकटपट्टीने बसवायचा. मग काहीही खायला-प्यायला न देता, ऑपरेशनची सोय आहे तिथे थेट पाठवायचं. पुढे लिहिलंय ते न फुटलेल्या, बोथट मार बसलेल्या डोळ्याबद्दल.

बोथट मार बसला की डोळा क्षणभर पुढून मागे चेपतो आणि मधोमध फुगतो. आतल्या पाण्याला जायला जागा नसते. ते कडेला, कॉर्निया म्हणजे बुबुळावरची काच आणि आयरिस म्हणजे बाहुलीभोवतीचा रंगीत भाग जिथे मिळतात, त्या कोनात जोराने घुसतं. आयरिसचं मूळ आणि त्यामागचा सिलिअरी स्नायू तिथेच फाटतो, रक्तवाहिनी तुटते आणि डोळ्याच्या पुढच्या कप्प्यात रक्त उतरतं. याला हायफीमा म्हणतात. डोळ्यातलं पाणी बाहेर नेणारी बारीक जाळी नेमकी त्याच कोनात असते. रक्त आठवड्यात निघून जातं, पण जाळीला बसलेला मार तिथेच राहतो. जाळी तुंबली की पाणी अडतं, डोळ्यातला दाब वाढतो आणि डोळ्यातून मेंदूकडे जाणारी नजरेची नस मरत जाते. यालाच काचबिंदू म्हणतात. मार लागलेल्या डोळ्याची जी दुर्दशा आम्ही बघतो, ती बहुतेक वेळा या एका गोष्टीकडे कोणी लक्ष न दिल्याने झालेली असते.

पहिली तपासणी घाईने करून चालत नाही. रुग्ण झोपून आला असेल तर रक्त सगळ्या कप्प्यात पसरलेलं असतं आणि आतलं काहीच नीट दिसत नाही. त्याला दहा-पंधरा मिनिटं ताठ बसवलं की रक्त खाली बसतं आणि स्लिट लॅम्पखाली, म्हणजे डोळा तपासायच्या सूक्ष्मदर्शकाखाली, आडवी रेघ स्पष्ट होते: खाली गडद लाल, वर पाणी. ही रेघ बुबुळाच्या खालच्या कडेपासून किती मिलिमीटरवर आहे ते मोजायचं आणि केसपेपरवर लाल पेनाने चित्र काढून त्याखाली वेळ टाकायची. दुसऱ्या दिवशी दुसरा डॉक्टर ड्यूटीवर असला तरी रक्त वाढलं की उतरलं, हे त्याला चित्रावरून कळतं. 'हायफीमा आहे' एवढं लिहून ठेवलं तर काहीच कळत नाही. एक तृतीयांशापेक्षा कमी कप्पा भरला असेल तर पहिला दर्जा, निम्म्यापर्यंत दुसरा, निम्म्याच्या वर तिसरा आणि पूर्ण भरला तर चौथा. चौथ्या दर्जात रक्त काळंठिक्कर दिसत असेल तर पाण्याची हालचाल थांबली आहे असं समजायचं. रेघ नाही, पण पाण्यात रक्तपेशी तरंगताना दिसतात, त्या डोळ्यालाही कमी लेखू नये. कोन त्यातही फाटलेला असू शकतो.

मूल पेंगुळलेलं असेल किंवा सारखं ओकत असेल तर डोळ्याआधी डोक्याला लागलंय का ते बघायचं. डोळ्याचा दाब खूप चढला तरी उलट्या होतात, मेंदूला मार असला तरी होतात. शंका आली की आधी सीटी स्कॅन.

दाब आम्ही गोल्डमन टोनोमीटरनेच, म्हणजे कॉर्नियाला टेकवून दाब मोजायच्या यंत्रानेच, मोजतो. हवेचा झोत सोडणारं यंत्र शिबिरात ठीक आहे, पण सुजलेल्या किंवा खरचटलेल्या कॉर्नियावर त्याचा भरवसा धरता येत नाही. भुलीचा थेंब, फ्लुरोसिन या चमकणाऱ्या रंगाची पट्टी, निळा प्रकाश. दोन हिरवी अर्धवर्तुळं दिसतात, त्यांच्या आतल्या कडा एकमेकींना टेकल्या की चकतीवरचा आकडा वाचायचा. साधारण १० ते २१ मिलिमीटर पारा हा नेहमीचा दाब. पापणी धरताना बोट हाडावर टेकवायचं, डोळ्यावर नाही. बोटाच्या दाबानेच आकडा वाढल्याचं आम्ही शिकाऊ डॉक्टरांच्या हातून रोज बघतो. कॉर्नियाला सूज असेल तर आकडा खऱ्यापेक्षा कमी येतो, हेही लक्षात ठेवायचं. पहिल्या दिवशी दाब ८ किंवा ९ आला म्हणून निर्धास्त होऊ नये. मार बसल्यावर पाणी तयार करणारा सिलिअरी भागच मंदावतो, त्यामुळे सुरुवातीला दाब उतरलेला दिसतो. पाणी पुन्हा तयार होऊ लागलं की जाळी तुंबल्याचं उघड होतं. म्हणून पहिले पाच-सहा दिवस दाब रोज मोजायचा.

दाब कोणत्या दिवशी चढला यावरून कारण बरंचसं ओळखता येतं. पहिल्या दोन दिवसांत चढला तर जाळीत रक्तपेशी आणि गोठलेल्या रक्तातले धागे (फायब्रिन) अडकलेत, किंवा बाहुलीत गाठ बसून पाण्याची वाट बंद झाली आहे. दुसऱ्या ते पाचव्या दिवसादरम्यान एकदम चढला आणि गडद रक्तावर ताज्या लाल रक्ताचा थर दिसला, तर पुन्हा रक्तस्राव झालाय. या दिवसांत तुटलेल्या वाहिनीच्या तोंडावरची गाठ आक्रसते आणि सुटते. हा दुसरा रक्तस्राव पहिल्यापेक्षा मोठा असतो आणि डोळ्याचं जास्त नुकसान तोच करतो. दोन-तीन आठवड्यांनी, पुढचा कप्पा स्वच्छ झालेला असताना दाब चढला तर दोन शक्यता. डोळ्याच्या मागच्या जेलीतही रक्त झालं असेल तर तिथल्या जुन्या पेशी रंग गमावून ताठर होतात, पुढे येतात आणि जाळीत अडकतात. पुढच्या कप्प्यात तेव्हा खाकी भुकटीसारखा थर दिसतो. दुसरी शक्यता स्टेरॉइडच्या थेंबांची, तिच्याबद्दल पुढे लिहिलं आहे. डोळ्यातलं नैसर्गिक भिंग सैल होऊन पुढे सरकलं किंवा फुटून त्याचा गर पाण्यात मिसळला तरी दाब चढतो. तिथे थेंबांनी भागत नाही, भिंग काढावं लागतं.

पहिल्या आठवड्याचे उपचार साधे आहेत, पण ते घरच्यांच्या हातात असतात, म्हणून प्रत्येक गोष्ट कारणासह सांगावी लागते. डोकं ३० ते ४५ अंश उंच करून झोपायचं, म्हणजे रक्त खाली बसतं आणि नजरेच्या वाटेतून बाजूला होतं. दिवसा-रात्री शील्ड. घरात हळूहळू चालायला हरकत नाही. पळणं, वजन उचलणं, वाकून काम करणं बंद. दुखलं तर पॅरासिटामॉल. ॲस्पिरिन, आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक नाही, कारण त्यांनी रक्त गोठायला वेळ लागतो. मेडिकलवरून 'अंगदुखीची गोळी' म्हणून जे मिळतं त्यात बहुधा यांतलंच काहीतरी असतं. हृदयासाठी रक्त पातळ करायची गोळी चालू असेल तर ती स्वतःहून थांबवू नये, हृदयाच्या डॉक्टरांना विचारूनच ठरवावं.

थेंबांमध्ये प्रेडनिसोलोन हे स्टेरॉइड १ टक्का, सुजेच्या मानाने दिवसातून ४ ते ८ वेळा. ॲट्रोपिन १ टक्का दिवसातून दोनदा. त्याने आयरिसची हालचाल थांबते, फाटलेल्या जागेला विश्रांती मिळते आणि दुखणं कमी होतं. दाब वाढला असेल तर टिमोलोल ०.५ टक्के सकाळ-संध्याकाळ. दमा किंवा हृदयाचे ठोके मंद असण्याचा त्रास आहे का, हे विचारल्याशिवाय टिमोलोल लिहायचं नाही. डोळ्यात घातलेला थेंब नाकावाटे रक्तात जातो आणि दमेकऱ्याला झटका आणू शकतो. त्याने भागलं नाही तर डॉरझोलामाइड किंवा ब्रिमोनिडिन जोडायचं. ब्रिमोनिडिन दोन वर्षांखालच्या बाळाला अजिबात नाही, श्वास मंदावतो. त्याहून मोठ्या लहान मुलांनाही गुंगी येते, आणि डोक्याला मार असलेल्या मुलाची गुंगी औषधाची की मेंदूची हे कळेनासं होतं. पायलोकार्पिन या वेळी घालायचं नाही. बाहुली आकसवून ते सूज वाढवतं, आणि कोन फाटलेल्या डोळ्यात उलट दाब वाढवू शकतं.

थेंबांनी दाब आटोक्यात येत नसेल तर ॲसेटाझोलामाइड २५० मिलिग्रॅम, मोठ्या माणसाला दिवसातून चार वेळा, मुलांना वजनावर. सल्फाची ॲलर्जी आणि मूत्रपिंडाचा त्रास आधी विचारायचा. या गोळीने हातापायांच्या बोटांना मुंग्या येतात, भूक मंदावते, लघवी वारंवार होते, सोड्याची चव बेचव लागते. हे आधी सांगितलं नाही तर रुग्ण घाबरून दुसऱ्याच दिवशी गोळी बंद करतो आणि आम्हाला ते आठवड्याने कळतं. दाब ४० च्या वर असेल तर मॅनिटॉल २० टक्के शिरेतून, किलोमागे १ ते २ ग्रॅम. ६० किलोच्या माणसाला १ ग्रॅमच्या हिशेबाने ३०० मिलिलिटर होतं, ते ३० ते ४५ मिनिटांत द्यायचं. फार हळू दिलं तर परिणाम होत नाही. त्याआधी रक्तदाब, हृदय आणि मूत्रपिंड बघून घ्यायचं. प्रोस्टेटचा त्रास असलेल्या म्हाताऱ्या माणसाची लघवी तुंबते, आणि लगेच उठून संडासला निघालेला रुग्ण चक्कर येऊन पडतो. भांडं खाटेजवळ हवं, आणि पुढचा तासभर त्याला एकट्याने उठू द्यायचं नाही.

महाराष्ट्रात इथे एक गोष्ट आम्ही कधीच विसरत नाही: सिकलसेल, म्हणजे रक्तपेशींचा आकार बिघडवणारा आनुवंशिक आजार. गडचिरोली, चंद्रपूर, नागपूर, मेळघाट, नंदुरबार या पट्ट्यातून आलेल्या प्रत्येक हायफीमाच्या रुग्णाची सिकल चाचणी पहिल्याच दिवशी करायची, घरात कोणाला आजार नाही असं सांगितलं तरी. नुसता वाहक असला तरी धोका आहे. डोळ्यातल्या पाण्यात ऑक्सिजन कमी असतो. तिथे या पेशी विळ्याच्या आकाराच्या आणि ताठ होतात आणि जाळीतून निघत नाहीत. शिवाय अशा रुग्णाची नस थोड्याशा वाढलेल्या दाबानेही रक्ताविना राहते. ॲसेटाझोलामाइडने शरीरात आम्ल वाढतं आणि पेशी आणखी वाकतात, म्हणून ते टाळायचं. मॅनिटॉलने रक्त घट्ट होतं, तेही पुन्हापुन्हा द्यायचं नाही. इतरांच्या बाबतीत दाब ५० असला तरी काही दिवस औषधांवर वाट बघता येते. सिकलसेलच्या डोळ्यात दाब २४ तास २४ च्या वर राहिला तरी रक्त धुऊन काढायचा निर्णय घ्यावा लागतो.

बाकीच्यांमध्ये हा निर्णय कधी घ्यायचा याचे आकडे बऱ्यापैकी ठरलेले आहेत: औषधं पूर्ण चालू असूनही दाब ६० च्या वर दोन दिवस, किंवा ५० च्या वर पाच दिवस, कप्पा पूर्ण भरलेला आणि दाब २५ च्या वर पाच दिवस, कॉर्नियात रक्ताचा डाग पडू लागल्याची पहिली चिन्हं, किंवा आठ दिवसांनंतरही निम्म्याहून जास्त रक्त तसंच. कॉर्नियाचा डाग आधी आतल्या थरात पिवळट-तपकिरी ठिपक्यांनी दिसतो. एकदा पक्का पडला की तो कडेकडून निवळत जातो आणि त्याला महिने, कधी दोन वर्षंही लागतात. आठ वर्षांखालच्या मुलाचा डोळा तेवढ्या काळात आळशी होतो आणि डाग गेल्यावरही नजर परत येत नाही. म्हणून मुलांच्या बाबतीत आम्ही आकडे पुरे होण्याची वाट बघत नाही.

धुण्याचं ऑपरेशन ऐकायला किरकोळ वाटतं. बुबुळाच्या कडेला दोन बारीक छेद, एकातून पाणी आत सोडायचं, दुसऱ्यातून रक्त बाहेर. चूक होते ती हाव धरल्याने. आयरिसला चिकटलेली गाठ ओढून काढायला गेलं की तिच्याखालची वाहिनी उघडी पडते आणि कप्पा पुन्हा लाल होतो. सैल रक्त काढायचं, चिकटलेलं ठेवायचं. जाळी मोकळी झाली की उरलेलं रक्त डोळा स्वतः पचवतो. आत रक्त येऊ लागलंच तर सलाईनची बाटली उंच करून डोळ्यात थोडा वेळ दाब वाढवायचा, वाहिनी आपोआप मिटते.

रक्त गेलं, डोळा पांढरा झाला, नजर ६/६ आली. इथे बहुतेक रुग्ण यायचे थांबतात. आमच्या लेखी खरी तपासणी आता असते: चार ते सहा आठवड्यांनी गोनिओस्कोपी, म्हणजे कोन आरशाच्या भिंगातून बघणं. आधी केली तर भिंगाच्या दाबाने पुन्हा रक्त येऊ शकतं.

ही तपासणी आम्ही चांगल्या डोळ्यापासून सुरू करतो. भुलीचा थेंब घालून चार आरशांचं भिंग कॉर्नियावर अलगद टेकवायचं. चांगल्या डोळ्याच्या कोनात आतून बाहेर क्रमाने पट्टे दिसतात: आयरिसचं मूळ, त्याला लागून सिलिअरी स्नायूचा करडा-तपकिरी बारीक पट्टा, मग स्क्लेरल स्परची पांढरी रेघ, मग जाळी. आता तेच भिंग मार लागलेल्या डोळ्यावर. कोन फाटलेला असेल तर तो करडा पट्टा एका भागात एकदम दुप्पट-तिप्पट रुंद होतो, जणू आयरिस तिथे मागे सरकलाय. पांढरी रेघ जास्तच पांढरी दिसते, आयरिसपासून जाळीकडे जाणारे बारीक धागे तुटून लोंबत असतात. दोन्ही डोळ्यांची अशी तुलना केली नाही तर ही गोष्ट अनुभवी नजरेतूनही सुटते, कारण जन्मतःच रुंद पट्टा असलेले लोक पुष्कळ असतात. फाटलेला भाग घड्याळाच्या तासांत मोजायचा. एक तास म्हणजे ३० अंश. केसपेपरवर वर्तुळ काढून तेवढा भाग रेघांनी भरायचा.

हायफीमा झालेल्या निम्म्याहून जास्त डोळ्यांत कोन कमीजास्त फाटलेला सापडतो. फाटलेला प्रत्येक डोळा काचबिंदूकडे जात नाही. सहा तास म्हणजे १८० अंश किंवा त्याहून जास्त फाटलेल्या डोळ्यांपैकी सुमारे ६ ते ९ टक्क्यांत दहा वर्षांत काचबिंदू होतो. ट्रीचर कॉलिन्स यांनी १८९२ मध्ये असा फाटलेला कोन वर्णन करून ठेवला होता. त्याचा काचबिंदूशी असलेला संबंध वुल्फ आणि झिमरमन यांनी १९६२ मध्ये नीट मांडला. नुसत्या फाटण्याने दाब वाढत नाही. त्याच वेळी जाळीला जो मार बसतो, तिच्यात जे व्रण होतात आणि कधी कोनावर काचेसारखा पातळ पापुद्रा वाढत येतो, त्यांनी पाणी अडतं. फाटलेला पट्टा ही त्या माराची खूण आहे.

कोनात कधी रुंद पट्ट्याऐवजी पांढरीशुभ्र फट दिसते. तिथे सिलिअरी भाग भिंतीपासूनच सुटलेला असतो. पाणी त्या फटीतून निसटतं आणि दाब ४-५ वर येतो. ही फट एखाद्या दिवशी आपोआप मिटते, आणि दाब एका रात्रीत ५० च्या पलीकडे जातो. डोकं फुटेल असं दुखतं, उलट्या होतात. अशा रुग्णाला हे आधी सांगून ठेवावं लागतं, नाहीतर तो पित्ताच्या गोळ्या घेत घरी बसतो. त्या वेळी दाब औषधांनी खाली ठेवायचा. काही दिवसांत जाळी पुन्हा कामाला लागते.

याच भेटीत बाहुली मोठी करून मागचा पडदाही कडेपर्यंत बघायचा. बोथट माराने पडदा कडेला फाटतो आणि महिन्यांनी सुटतो. दोन्ही नसांचे फोटो आणि ओसीटी, म्हणजे नसेच्या थरांची जाडी दाखवणारा स्कॅन, करून जपून ठेवायचं. पुढे नस खोलगट झाली की नाही हे ठरवायला मूळ चित्र लागतं. त्या डोळ्याच्या पडद्यावर व्रण असेल तर फील्ड टेस्टमध्ये, म्हणजे नजरेचा आवाका मोजायच्या तपासणीत, दिसणारा काळा भाग त्या व्रणाचा की काचबिंदूचा, हे पहिल्या टेस्टशिवाय सांगता येत नाही.

पुढच्या तारखा: तीन महिने, सहा महिने, मग वर्षातून एकदा, आयुष्यभर. दाब वाढायचे दोन काळ दिसतात, एक पहिल्या वर्षात, दुसरा दहा वर्षांनी किंवा त्याहून पुढे.

या दुसऱ्या काळातले रुग्ण आमच्याकडे येतात ते चष्म्याचा नंबर काढायला. डोळा लाल नाही, दुखत नाही, आणि दुसरा डोळा सगळं सांभाळून घेतो. एका नसेच्या तोंडाचा खळगा त्या तोंडाच्या रुंदीच्या ०.३, दुसरीचा ०.९. एका डोळ्याचा दाब १४, दुसऱ्याचा ३६. एवढा फरक दिसला की विचारायचं, लहानपणी लागलं होतं का? उत्तर जवळजवळ नेहमी 'नाही' असतं. तेव्हा नावं घेऊन विचारायचं: विटी? बॉल? शाळेतली मारामारी? गोठ्यात शिंग? मग आठवतं. आठवलं नाही तरी डोळ्यावर खुणा असतात. बाहुलीच्या कडेला बारीक खाच, भिंगावर रंगाचं फिकट कडं, एकाच डोळ्यात फुलासारखा मोतीबिंदू, पडद्यावर चंद्रकोरीसारखा पांढरा व्रण.

या टप्प्यावर औषधं तीच, फक्त सूज उरलेली नसल्याने लॅटॅनोप्रॉस्ट रात्री एक थेंब हेही घालता येतं. एकाच डोळ्याच्या पापण्यांचे केस लांब आणि दाट होतात, ते आधी सांगावं. लेझरने जाळी मोकळी करायचा उपाय या काचबिंदूत फारसा चालत नाही. आमच्या मते त्यात वेळ आणि पैसा घालवू नये.

थेंब घालण्यात होणाऱ्या चुका इतक्या सरसकट आहेत की आम्ही रुग्णाला समोर बसवून घालायला लावतो. खालची पापणी ओढून खळगा करायचा, एकच थेंब, बाटलीचं टोक पापणीला लावायचं नाही. मग डोळा शांत मिटून नाकाजवळचा कोपरा बोटाने दोन मिनिटं दाबून ठेवायचा. दुसरा थेंब पाच मिनिटांनी. लगेच घातला तर तो पहिल्याला वाहून नेतो. बाटली उघडल्याची तारीख तिच्यावर लिहायची आणि महिन्याने औषध उरलं असलं तरी टाकायची.

आता स्टेरॉइड. मार लागल्यावर लिहिलेले प्रेडनिसोलोन किंवा डेक्सामेथासोनचे थेंब डोळा लाल झाला की घरात पुन्हा पुन्हा वापरले जातात, शेजाऱ्यांनाही दिले जातात, आणि चिठ्ठीशिवाय मिळतातही. सुमारे एक तृतीयांश लोकांत या थेंबांनी दाब वाढतो, थोड्या लोकांत तो फारच वाढतो, बहुधा दोन ते सहा आठवड्यांत. मार लागलेल्या डोळ्याचा दाब तिसऱ्या आठवड्यात चढला तर आम्ही आधी स्टेरॉइड कमी करून बघतो, मग कोनाला दोष देतो. आमच्या चिठ्ठीवर स्टेरॉइडच्या थेंबापुढे बंद करायची तारीख लिहिलेली असते. तुमच्या चिठ्ठीवर नसेल तर मागून घ्या.

दोन-तीन औषधं घालूनही दाब २५ च्या खाली येत नसेल आणि नस खराब होत असेल तर ऑपरेशन. महात्मा फुले जन आरोग्य योजनेत बसतं का, हे रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला ऑपरेशनची तारीख घेण्याआधी विचारायचं, नंतर नाही. नेहमीचं ऑपरेशन ट्रॅबेक्युलेक्टमी: पांढऱ्या भागाची पातळ झडप उचलून पाण्याला वरच्या पापणीखाली वाट काढायची. मार लागलेल्या डोळ्यात व्रण लवकर भरतो आणि ही वाट बुजते, म्हणून व्रण भरणं रोखणारं मायटोमायसिन लागतंच. ०.२ ते ०.४ मिलिग्रॅम प्रति मिलिलिटरचं द्रावण स्पंजावर घेऊन दोन-तीन मिनिटं ठेवायचं, मग सलाईनने भरपूर धुवायचं. त्याने पापणीखाली जमणाऱ्या पाण्याचा फोड पातळ असतो, त्यातून जंतू आत शिरू शकतात. विहिरीत किंवा तळ्यात पोहणं कायमचं बंद, डोळा चोळणं बंद. डोळा लाल होऊन चिपडं किंवा पू दिसला तर त्याच दिवशी दवाखान्यात यायचं, दुसऱ्या दिवसावर टाकायचं नाही.

डोळ्यावर आधीच व्रण असतील किंवा ट्रॅबेक्युलेक्टमी बुजली असेल तर नळी बसवतात. मदुराईच्या ऑरोलॅबची एएडीआय ही नळी आयात नळ्यांच्या मानाने बरीच स्वस्त आहे, म्हणून सरकारी आणि धर्मादाय रुग्णालयांत तीच जास्त वापरली जाते. तिची ३५० चौरस मिलिमीटरची तबकडी डोळ्याच्या वरच्या बाहेरच्या बाजूला स्नायूंखाली बसवतात आणि बारीक नळीचं टोक पुढच्या कप्प्यात ठेवतात. नळीत झडप नाही. मोकळी ठेवली तर सगळं पाणी एकदम वाहून डोळा चेपेल, म्हणून तिला विरघळणाऱ्या धाग्याचा घट्ट टाका घालून ती बंद करतात. पाच-सहा आठवड्यांत तबकडीभोवती आवरण तयार होतं, तोवर टाका विरघळतो आणि नळी उघडते.

या सहा आठवड्यांत नळी काहीच काम करत नसते, हे घरच्यांना सगळ्यात अवघड जातं. ऑपरेशन झालं तरी दाब तोच, थेंब तेच, गोळ्याही त्याच. कोणीतरी 'आता कशाला' म्हणून थेंब बंद करतं आणि उरलेली नस त्याच आठवड्यांत जाते. म्हणून डिस्चार्ज कार्डावर आम्ही मोठ्या अक्षरांत लिहितो: नळी उघडेपर्यंत सर्व थेंब चालू. पाचव्या, सहाव्या आणि सातव्या आठवड्याला भेट. उघडते त्या दिवशी डोळा थोडा ठणकतो, नजर धूसर होते, आणि आदल्या आठवड्यात ३२ असलेला दाब ८-१० वर आलेला दिसतो. ॲसेटाझोलामाइड त्याच दिवशी बंद. टिमोलोल आणि बाकीचे दाबाचे थेंब एकेक करून, प्रत्येक वेळी दाब मोजून. स्टेरॉइडचा थेंब मात्र तेव्हा लगेच थांबवायचा नाही, नळी उघडल्यावर सूज येते, तो महिनाभर कमी करत न्यायचा. आणि प्रत्येक भेटीत दुसऱ्या डोळ्याचाही दाब घ्यायचा. मार न लागलेल्या डोळ्यातही या रुग्णांना पुढे काचबिंदू होण्याचा धोका इतरांपेक्षा जास्त असतो, आणि शेतात, वर्कशॉपमध्ये, मैदानावर त्या डोळ्यावर पॉलीकार्बोनेटचा चष्मा हवाच.